विश्लेषण : मीटर अचूक, तरीही वीजबिल चुकते कसे? ‘सीटी’चा अचूकता वर्ग काय सांगतो?

महावितरणच्या वीजबिलावर ‘चालू रीडिंग’ आणि ‘मागील रीडिंग’ यांच्या शेजारी ‘गुणक अवयव’ नावाचा एक रकाना असतो. घरगुती ग्राहकाच्या बिलात तिथे १ छापलेले असते, त्यामुळे त्याकडे कुणाचे लक्ष जात नाही. कारखाना, मोठे रुग्णालय, मॉल किंवा शीतगृह यांच्या बिलात मात्र याच रकान्यात ४०, २०० किंवा ४००० असा आकडा असू शकतो. म्हणजे मीटरने एक युनिट नोंदवले की बिलात ४० किंवा ४००० युनिट धरले जातात. प्रत्यक्ष वीजवापर आणि मीटर यांच्यामध्ये एक उपकरण उभे असते, म्हणून हा गुणाकार करावा लागतो. ते उपकरण म्हणजे करंट ट्रान्सफॉर्मर, बोलीभाषेत ‘सीटी’. मीटरच्या अचूकतेवर ग्राहक आणि वीज कंपनी यांच्यात वर्षानुवर्षे वाद चालतात. पण मीटरला आकडा पुरवणाऱ्या सीटीच्या नेमप्लेटवर ‘०.५’, ‘०.२एस’, ‘५पी२०’ असे जे लिहिलेले असते, त्याचा अर्थ फार थोड्यांना ठाऊक असतो.

सीटी नेमके काय करतो?

घरातल्या मीटरमधून तुमचा सगळा प्रवाह थेट वाहतो. कारखान्याच्या २०० किंवा ८०० अँपिअर प्रवाहासाठी तसे मीटर बनवणे परवडणारे नाही, आणि ११ हजार व्होल्टच्या तारेला मीटर थेट जोडणे तर जिवावरचे. म्हणून तारेभोवती लोखंडी गाभा आणि त्यावर तांब्याच्या तारेचे वेढे असलेला सीटी बसवतात. मूळ तारेतील प्रवाहाच्या ठरावीक प्रमाणात लहान प्रवाह या वेढ्यांतून बाहेर येतो. नेमप्लेटवर ‘२००/५’ लिहिले असेल, तर तारेत २०० अँपिअर वाहत असताना मीटरकडे ५ अँपिअर जातात. गुणोत्तर ४०. व्होल्टेजही असेच लहान करणारा पोटेंशियल ट्रान्सफॉर्मर, म्हणजे ‘पीटी’, ११००० चे ११० व्होल्ट करतो, गुणोत्तर १००. चाळीस गुणिले शंभर, म्हणून गुणक अवयव ४०००.

साहजिकच, सीटीने मीटरला दिलेला आकडा जितका खरा, तितकेच मीटर खरे. मीटर कितीही महागडे आणि डिजिटल असले तरी सीटीची चूक त्याला ओळखता येत नाही. त्याच्यापर्यंत जे पोहोचते तेच ते इमानेइतबारे मोजते.

(घरातही एक छोटा सीटी असतो, बहुतेकांना माहीत नसते. आरसीसीबी नावाच्या सुरक्षा स्विचमध्ये फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारा एकाच गाभ्यातून जातात. दोन्हींतील प्रवाहात फरक पडला की स्विच पडतो. घरगुती वापरात ही मर्यादा सहसा ३० मिलिअँपिअरची असते.)

मग चूक येते कुठून?

गिरणीत दळण दळताना थोडे पीठ जात्यातच राहते. वीस किलो गहू दळले तर ते लक्षातही येत नाही. पाव किलो नाचणी दळायला नेली तर मात्र हातात येणारे पीठ डोळ्यांना कमी दिसते. सीटीचे तसेच आहे. लोखंडी गाभ्यात चुंबकत्व निर्माण करण्यासाठी तारेतील प्रवाहाचा थोडा हिस्सा खर्ची पडतो आणि तेवढा मीटरकडे पोहोचत नाही. प्रवाह कमी झाला की हा हिस्साही कमी होतो, पण त्याच प्रमाणात नाही. त्यामुळे भार जितका हलका, तितकी टक्केवारीतील चूक मोठी. हे एक वाक्य लक्षात ठेवले, तर अचूकता वर्गाचे निम्मे गणित सुटते.

या स्वाभाविक चुकीमुळे मीटर कमी नोंदवते, म्हणजे तोटा वीज कंपनीचा. ते टाळण्यासाठी उत्पादक दुय्यम बाजूचे वेढे हिशोबाने किंचित कमी ठेवतात. परिणामी काही टप्प्यात सीटी थोडे जास्तही दाखवू शकतो. म्हणूनच प्रमाणकात मर्यादा ‘अधिक किंवा उणे’ अशी दिलेली असते. चूक नेहमी ग्राहकाच्या विरोधातच जाते हा समज त्यामुळे खरा नाही, आणि ती नेहमी कंपनीच्या विरोधात जाते हाही नाही.

०.५ म्हणजे अर्धा टक्का, एवढेच ना?

एवढेच असते तर या लेखाची गरज नव्हती. नेमप्लेटवरचा ०.५ हा आकडा सीटीच्या पूर्ण क्षमतेच्या प्रवाहाला लागू होतो. भारतीय मानक आयएस १६२२७ (पूर्वीचे आयएस २७०५, आणि ज्यावर आता ते बेतले आहे ते आंतरराष्ट्रीय मानक आयईसी ६१८६९) वर्ग ०.५ च्या सीटीला पुढीलप्रमाणे सूट देते. १०० आणि १२० टक्के प्रवाहावर चूक अर्ध्या टक्क्याच्या आत हवी. प्रवाह २० टक्क्यांवर आला की पाऊण टक्का चालतो. प्रवाह ५ टक्क्यांवर आला की दीड टक्का. आणि ५ टक्क्यांच्या खाली? तिथे या वर्गाची कोणतीही हमी नाही. सीटीने काहीही दाखवले तरी तो ‘०.५ वर्गाचा’च राहतो.

वर्ग ०.२ साठी हेच आकडे अनुक्रमे ०.२, ०.३५ आणि ०.७५ टक्के आहेत. वर्ग १ साठी १, दीड आणि तीन टक्के. अचूकता वर्ग हा असा एकच आकडा नसून अटींसह दिलेले वचन आहे. त्यातली पहिली अट प्रवाहाची.

ही अट कागदावर किरकोळ दिसते, पण भल्याभल्यांना महागात पडते. कारखाना उभा राहताना पुढच्या विस्ताराचा विचार करून मोठा सीटी बसवला जातो. विस्तार काही होत नाही, किंवा दुसरी पाळी बंद पडते. सीटी आहे २००/५ चा आणि तारेत वाहतात जेमतेम १० अँपिअर. म्हणजे क्षमतेच्या ५ टक्के.

गणित मांडून पाहू. अकरा किलोव्होल्टवर १० अँपिअर म्हणजे सुमारे १९० केव्हीए. हा भार महिनाभर अखंड राहिला तर ७२० तासांत साधारण १ लाख ३७ हजार केव्हीएएच युनिट होतात. वर्ग ०.५ चा सीटी इथे नियमात राहूनही दीड टक्का चुकू शकतो. म्हणजे महिन्याला दोन हजारांहून अधिक युनिट. हिशोबाच्या सोयीसाठी युनिटला १० रुपये धरले, तर महिन्याला २० हजार आणि वर्षाला सुमारे अडीच लाख रुपये इकडचे तिकडे. आणि कुणीही कायदा मोडलेला नाही.

‘एस’ या एका अक्षराने काय फरक पडतो?

याच अडचणीवर तोडगा म्हणून ०.२एस आणि ०.५एस हे वर्ग आले. ‘एस’ म्हणजे स्पेशल. पूर्ण प्रवाहावर ०.५ आणि ०.५एस यांच्यात काहीच फरक नाही. दोघांनाही अर्धा टक्का. फरक आहे तो तळाशी. ०.५एस वर्गाला अर्ध्या टक्क्याची मर्यादा २० टक्के प्रवाहापर्यंत पाळावी लागते, ५ टक्के प्रवाहावर पाऊण टक्का, आणि थेट १ टक्का प्रवाहावर दीड टक्का. वरच्या उदाहरणातील कारखान्याने ०.५एस चा सीटी बसवला असता तर संभाव्य चूक निम्म्यावर आली असती. ०.२एस असता तर ०.३५ टक्क्यांवर.

हे साधण्यासाठी गाभ्याचा कस वाढवावा लागतो. साध्या सिलिकॉन पोलादाऐवजी निकेल-लोह मिश्रधातू किंवा नॅनोक्रिस्टलाइन पट्टी वापरतात, जी अगदी कमी प्रवाहावरही सहज चुंबकित होते. साहजिकच किंमत वाढते. पण ज्याचे महिन्याचे बिल लाखांत आहे, त्याच्यासाठी हा फरक काही महिन्यांत वसूल होऊ शकतो. खरेदीच्या टिपणीत ‘एस’ लिहायचे राहून जाते आणि बाजारात ०.५ मिळतो म्हणून तो बसवला जातो, इतका हा प्रकार साधा आहे.

छतावरील सौर पॅनेलांमुळे या अक्षराला अधिक वजन आले आहे. पूर्वी कारखान्याचा भार फक्त रात्री किंवा सुटीच्या दिवशी हलका व्हायचा. आता भर दुपारी, यंत्रे धडधडत असताना, ग्रिडकडून येणारा प्रवाह सीटीच्या क्षमतेच्या एक-दोन टक्क्यांवर येऊ शकतो, कारण बाकीची वीज छतावरून येते. दिवसाचे ४-५ तास मीटर अशा पट्ट्यात चालणार असेल, तर ज्या वर्गाची हमी ५ टक्क्यांना संपते तो सीटी तिथे अपुरा पडतो.

कोनाची चूक हा काय प्रकार आहे?

आतापर्यंत आपण प्रवाहाच्या मापातील चूक पाहिली. सीटीची दुसरी चूक वेळेची असते. दुय्यम बाजूचा प्रवाह मूळ प्रवाहाच्या अगदी बरोबरीने चढउतार करत नाही, किंचित पुढे राहतो. हा फरक कोनाच्या मिनिटांत मोजतात (एका अंशाची ६० मिनिटे). वर्ग ०.५ ला पूर्ण प्रवाहावर ३० मिनिटांची, म्हणजे अर्ध्या अंशाची मुभा आहे; ५ टक्के प्रवाहावर ९० मिनिटांची. वर्ग ०.२ साठी हेच १० आणि ३० मिनिटे.

अर्धा अंश ऐकायला नगण्य वाटतो. पॉवर फॅक्टर १ च्या जवळ असेल तर तो तसाच आहे. पण पॉवर फॅक्टर ०.९ असेल तर अर्ध्या अंशामुळे किलोवॉटच्या मापात सुमारे ०.४ टक्के फरक पडतो आणि ०.५ असेल तर तब्बल दीड टक्का. म्हणजे प्रवाहाच्या मापात काटेकोर असलेला सीटीही केवळ कोनामुळे तिप्पट चुकू शकतो. मोटारी, वेल्डिंग यंत्रे अशा पिछाडीच्या भारावर ही चूक मीटरला जास्त नोंदवायला लावते.

पुन्हा सौरऊर्जेचे उदाहरण घेऊ. कारखान्याला १८० किलोवॉट हवे आहेत, त्यातले १६० छतावरून येतात. ग्रिडकडून फक्त २० किलोवॉट. पण मोटारींना लागणारी रिअॅक्टिव्ह वीज, समजा ६० केव्हीएआर, अजूनही ग्रिडकडूनच येते. मग मीटरच्या जागी पॉवर फॅक्टर ०.३२ पर्यंत घसरतो आणि प्रवाह ३.३ अँपिअर, म्हणजे २००/५ च्या सीटीसाठी दोन टक्क्यांहूनही कमी. इथे दीड अंशाची चूक धरली तर किलोवॉटमधील फरक ८ टक्क्यांच्या घरात जातो. कपॅसिटर पॅनेल नीट चालत असेल तर ही वेळ येत नाही, हेही सांगायला हवे.

महाराष्ट्रातील उच्चदाब ग्राहकांना या बाबतीत एक दिलासा आहे. एप्रिल २०२० पासून त्यांचे बिल केडब्ल्यूएचऐवजी केव्हीएएच युनिटवर होते. केव्हीए हा व्होल्टेज आणि प्रवाह यांचा गुणाकार. त्यात कोनाला स्थान नाही. त्यामुळे कोनाच्या चुकीचा बिलावर थेट परिणाम फारसा होत नाही. वीजनिर्मिती केंद्रे, पारेषण सीमेवरील मीटर आणि जिथे हिशोब केडब्ल्यूएचमध्येच होतो, तिथे मात्र ती पूर्णपणे लागू आहे.

जास्त ‘व्हीए’चा सीटी अधिक चांगला का?

नेमप्लेटवर वर्गाच्या शेजारी ५ व्हीए, १० व्हीए किंवा १५ व्हीए असे लिहिलेले असते. याला ‘बर्डन’ म्हणतात : सीटीच्या पाठीवर मीटर आणि जोडतारांचे किती ओझे टाकता येईल, ते. अचूकतेच्या वचनाची ही दुसरी अट. ओझे ठरल्यापेक्षा जास्त झाले की अचूकता ढासळते, हे बहुतेकांना माहीत असते.

सीटी यार्डात आणि मीटर नियंत्रण कक्षात असेल तर हे सहज घडते. अंतर ५० मीटर, म्हणजे जाऊन-येऊन १०० मीटर तार. अडीच चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा रोध सुमारे ०.७ ओहम. पाच अँपिअरच्या सीटीवर एकट्या तारेचे ओझे साडेसतरा व्हीए होते, मीटर जोडण्याआधीच. १५ व्हीएचा सीटी इथे मुळातच अपुरा. हाच सीटी १ अँपिअर दुय्यम प्रवाहाचा घेतला तर तारेचे ओझे ०.७ व्हीए, म्हणजे पंचविसावा हिस्सा! मोठ्या उपकेंद्रांत १ अँपिअरचे सीटी का वापरतात, याचे उत्तर या एका गुणाकारात आहे.

उलट चूक मात्र फारशी कुणाच्या ध्यानात येत नाही. प्रमाणकानुसार सर्वसाधारण सीटीची अचूकता २५ ते १०० टक्के ओझ्यापुरतीच बांधील आहे. म्हणजे १५ व्हीएच्या सीटीवर निदान पावणेचार व्हीएचे ओझे असायला हवे. जुन्या काळी फिरत्या चकतीचे मीटर हे ओझे सहज भरून काढत. आजचे इलेक्ट्रॉनिक मीटर जेमतेम अर्धा-एक व्हीए घेतात. क्यूबिकलमध्ये सीटीपासून मीटर तीन मीटरवर असेल तर तारेचा आणखी एक व्हीए. एकूण दोन व्हीएसुद्धा होत नाहीत. जुन्या तपशिलाची नक्कल करून १५ व्हीएचा सीटी मागवणारा ग्राहक अधिक पैसे मोजून हमीच्या पट्ट्याबाहेर जातो.

मग ‘५पी२०’ कशासाठी?

इथे सीटीच्या दोन जाती वेगळ्या होतात, आणि इथली गफलत केवळ पैशांपुरती राहत नाही.

मीटरसाठीच्या सीटीने रोजच्या प्रवाहात काटेकोर असावे आणि शॉर्टसर्किट झाले की हात वर करावेत, अशी अपेक्षा असते. नेमप्लेटवर ‘एफएस ५’ लिहिले असेल तर प्रवाह क्षमतेच्या पाचपट होईपर्यंत गाभा चुंबकत्वाने भरून जातो आणि त्यापुढे मीटरकडे जाणारा प्रवाह त्याच प्रमाणात वाढत नाही. त्यामुळे मीटर जळण्यापासून वाचते. (हेही पूर्ण ओझ्यालाच लागू. ओझे कमी असेल तर गाभा उशिरा भरतो आणि हे संरक्षण कमजोर होते. १५ व्हीएचा हव्यास इथेही नडतो.)

संरक्षणाच्या सीटीकडून नेमके उलट हवे असते. रोजच्या प्रवाहात तो थोडा चुकला तरी चालेल, पण शॉर्टसर्किटच्या क्षणी त्याने डोळे मिटता कामा नयेत. ‘५पी२०’ मधील ‘पी’ म्हणजे प्रोटेक्शन. प्रवाह क्षमतेच्या २० पट झाला तरी एकूण चूक ५ टक्क्यांच्या आत राहील, असा त्याचा अर्थ. नेहमीच्या पूर्ण प्रवाहावर त्याला १ टक्का चुकण्याची मुभा आहे आणि हलक्या भाराबद्दल तो काहीच कबूल करत नाही. ‘१०पी१०’ हा त्याहून ढिला : दहापट प्रवाहापर्यंत १० टक्के, आणि पूर्ण प्रवाहावर ३ टक्के. ट्रान्सफॉर्मर किंवा बसबारच्या डिफरन्शियल संरक्षणासाठी ‘पीएस’ वर्ग वापरतात. त्यात टक्केवारी नसते, तर गाभा कोणत्या व्होल्टेजला भरू लागतो तो ‘नी पॉइंट’ दिलेला असतो.

एकाच सीटीच्या खोक्यात हे दोन्ही गाभे बरेचदा शेजारी शेजारी असतात आणि बाहेर टर्मिनलची एकच रांग दिसते. जोडणी करणाऱ्याने त्यांची अदलाबदल केली तर? मीटर ५पी२० च्या गाभ्यावर गेले, की बिलाची अचूकता गेली आणि पहिल्या मोठ्या शॉर्टसर्किटला मीटरही जाण्याची भीती. रिले मीटरच्या गाभ्यावर गेला तर परिणाम अधिक गंभीर. फीडरवर ४००० अँपिअरचा दोष आला, तर २००/५ च्या सीटीने रिलेला १०० अँपिअर द्यायला हवेत. तातडीच्या ट्रिपिंगची मर्यादा ५० अँपिअरवर ठेवली आहे. पण ‘एफएस ५’चा गाभा २५ अँपिअरच्या आसपासच दमतो. रिलेला वाटते परिस्थिती बरी आहे. ब्रेकर उशिरा पडतो, किंवा मागच्या उपकेंद्रातला पडतो आणि सगळा परिसर अंधारात जातो. तोपर्यंत केबल किंवा रोहित्र जळालेले असते. आणि गंमत म्हणजे ही चूक रोजच्या कामकाजात अजिबात दिसत नाही; अॅमीटर बरोबर, बिल बरोबर, सगळे आलबेल.

नियम काय सांगतात?

विद्युत कायदा २००३ च्या कलम ५५ नुसार ‘योग्य मीटर’ असल्याखेरीज वितरण कंपनीला वीजपुरवठा करता येत नाही. त्याचा तपशील केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या मीटरविषयक २००६ च्या नियमांत आहे. ग्राहकाच्या मीटरची अचूकता ६५० व्होल्टपर्यंत वर्ग १ किंवा त्याहून चांगली, त्यावर ३३ किलोव्होल्टपर्यंत ०.५एस किंवा चांगली आणि त्याहून वर ०.२एस असायला हवी. वीज कंपन्यांच्या आपापसातील सीमेवरच्या मीटरसाठीही ०.२एस. आणि सीटी-पीटीचा अचूकता वर्ग संबंधित मीटरच्या वर्गापेक्षा कमी प्रतीचा असता कामा नये.

याच नियमांत आणखी एक महत्त्वाची गोष्ट आहे, जी ग्राहकांच्या कामाची आहे. ‘मीटर’ या शब्दाच्या व्याख्येतच, जिथे लागू असेल तिथे, सीटी आणि पीटी यांचा समावेश केला आहे. म्हणजे मीटर तपासून द्या अशी मागणी करणारा सीटी-पीटी ग्राहक सीटीही तपासा असे म्हणू शकतो.

हे म्हणणे आवश्यक का, ते तपासणीच्या पद्धतीवरून कळते. जागेवरची तपासणी बहुधा मीटरच्या शेजारी संदर्भ मीटर जोडून केली जाते. दोन्ही मीटरना तोच दुय्यम प्रवाह मिळतो. सीटी दोन टक्के चुकत असेल तर दोन्ही मीटर सारखेच चुकतात आणि अहवालात ‘मीटर योग्य’ असा शेरा येतो. सीटीची खरी परीक्षा घ्यायची तर मूळ तारेतील प्रवाहाशी तुलना करावी लागते किंवा सीटी काढून प्रयोगशाळेत न्यावा लागतो.

मीटर, सीटी आणि पीटी हे तिन्ही ०.५ च्या वर्गातले असतील आणि तिन्ही एकाच दिशेने चुकले, तर पूर्ण भारालाही बेरीज दीड टक्क्यावर जाते. हलक्या भाराला त्याहून वर. म्हणून एकट्या मीटरच्या दाखल्यावर समाधान मानणे अपुरे आहे.

गुणकच चुकला तर?

अचूकता वर्गाची चूक टक्क्यांत असते, गुणक अवयवाची पटींत. सीटी बदलला, २००/५ च्या जागी १००/५ बसवला, पण संगणकातली नोंद बदलायची राहिली की बिल दुप्पट येते. उलट झाले तर निम्मे येते, आणि ते जास्त धोक्याचे, कारण निम्म्या बिलाबद्दल तक्रार कोण करणार?

‘प्रेम कॉटेक्स विरुद्ध उत्तर हरियाणा बिजली वितरण निगम’ या खटल्यात नेमके हेच घडले होते. गुणक १० ऐवजी ५ नोंदला गेला होता. २००६ ते २००९ या काळात बिले निम्म्याने आली. चूक लक्षात आल्यावर निगमने सुमारे १ कोटी ३५ लाख रुपयांची फरकाची मागणी केली. विद्युत कायद्याच्या कलम ५६(२) मधील दोन वर्षांच्या मुदतीचा आधार घेत ग्राहकाने ती अमान्य केली. सर्वोच्च न्यायालयाने ५ ऑक्टोबर २०२१ रोजी ग्राहकाचे अपील फेटाळले : बिल राहून गेलेली रक्कम नंतर मागणे ही सेवेतील त्रुटी नाही आणि चूक कळल्यावर केलेली मागणी या कलमामुळे रोखली जात नाही. चूक ग्राहकाची नव्हती, तरी पैसे त्याच्याच अंगावर आले.

म्हणून नवीन जोडणी घेताना किंवा सीटी बदलताना नेमप्लेटचे छायाचित्र काढून ठेवावे : गुणोत्तर, व्हीए, वर्ग, एफएस आणि अनुक्रमांक. चाचणी प्रमाणपत्रावर ५ टक्के आणि ०.५एस असेल तर १ टक्का प्रवाहावरची चूकही दिलेली असते, ती पाहावी. बिलावरील गुणक अवयव स्वतः गुणाकार करून ताडून घ्यावा. मीटरच्या नेमप्लेटवरही सीटीचे गुणोत्तर असते. मीटर १००/५ साठी आणि सीटी २००/५ असेल तर गुणक ४० नव्हे, २ येतो. बहुतेक घोळ इथेच होतात.

हे सगळे बाहेरून पाहायचे. सीटीच्या दुय्यम तारेला चालू स्थितीत हात लावण्याचा मोह टाळावा, मग क्यूबिकलचे सील आपल्याच समोर उघडलेले का असेना. मीटर काढताना ती तार मोकळी राहिली तर मूळ प्रवाह सगळाच्या सगळा गाभ्याला चुंबकित करू लागतो आणि मोकळ्या टोकांवर हजारो व्होल्टची शिखरे उभी राहतात. माणूस दगावू शकतो, सीटी फुटू शकतो. मीटरखालच्या टेस्ट टर्मिनल ब्लॉकमध्ये दुय्यम बाजू आधी शॉर्ट करून मगच मीटर सोडवतात, ते याचसाठी. आणि मीटर परत जोडल्यावर ती पट्टी काढायची राहिली, तर प्रवाह मीटरला बगल देऊन निघून जातो. मीटर फिरत नाही आणि काही महिन्यांनी भरारी पथक दारात उभे राहते.